लॅपटॉप तोला, पण चार्जरसकट

ताई, सप्रेम नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरला स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस साइटवर जातात. जालना, नांदेड, मुंबई, अधूनमधून नागपूर. प्रवास तपोवन एक्सप्रेसने, नाहीतर एसटीने. सध्या १५ इंची गेमिंग लॅपटॉप वापरते. चार वर्षांपूर्वी दुकानदार म्हणाला होता, “मॅडम, ऑटोकॅड म्हटलं की ग्राफिक्स कार्ड लागतंच.” आता उजवा खांदा रोज संध्याकाळी भरून येतो आणि घरून पूर्ण चार्ज करून निघाले तरी मनमाड यायच्या आत बॅटरी मान टाकते. ऑटोकॅड, स्टॅड, ईटॅब्स, रेव्हिट ही इमारतीच्या डिझाइनची सॉफ्टवेअर आणि लांबलचक एक्सेल शीट हे माझं काम. थोडं रेंडरिंगही, म्हणजे मॉडेलचं खरंखुरं दिसणारं चित्र बनवणंही, असतं. बजेट सव्वा लाख. भाऊ म्हणतो मॅकबुक एअर घे. ऑफिसातले म्हणतात, पुन्हा गेमिंगच घे पण पातळ बघ. हलका आणि ताकदवान, दोन्ही एकात मिळतं का?
– एक वाचक भगिनी, छत्रपती संभाजीनगर

मिळतं. पण आधी सॅक घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा आणि ती काट्यावर ठेवा. मी चेष्टा करत नाही. नाशिकला माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर मल्टीमीटरच्या शेजारी भाजीवाल्याकडे असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. लॅपटॉप आला की मी आधी तो तोलते, मग त्याचा चार्जर तोलते. तुमच्यासारखं १५ इंची गेमिंग मशीन २.२ ते २.४ किलो भरतं आणि त्याची काळी वीट, म्हणजे चार्जर, वायरसकट ७०० ते ८०० ग्रॅम. झाले तीन किलो. जाहिरातीत मात्र विटेचा उल्लेख कुठेच नसतो. शिवाय तिथे लिहिलेलं असतं “१.३ किलोपासून पुढे”. या “पासून”मध्ये सगळ्यात छोटी बॅटरी आणि सगळ्यात साधा स्क्रीन धरलेला असतो. दुकानात तुमच्या हातात येणारा डबा वेगळाच असतो.

म्हणून पहिली गोष्ट अशी की तुम्हाला हलका लॅपटॉप नव्हे, हलकी जोडी शोधायची आहे. चार्जिंग टाइप-सी पोर्टमधून होत असेल तर ६५ वॉटचा गॅन चार्जर मिळतो, तो तळहातावर मावतो आणि सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याच चार्जरवर तुमचा मोबाइलही चार्ज होतो. म्हणजे लॅपटॉप बदलायच्या आधीच, नुसत्या चार्जरच्या प्रकारावर, खांद्यावरचे सहाशे ग्रॅम उतरले.

आता भावाचं म्हणणं. मॅकबुक एअर हे उत्तम यंत्र आहे, १३ इंची मॉडेल १.२४ किलोचं, आणि त्यात पंखाच नाही. सिमेंटच्या धुळीत काम करणाऱ्या माणसाला पंखा नसणं ही केवढी चैन आहे ते मला विचारा. साइटवरून आलेल्या लॅपटॉपचे पंखे मी ब्रशने साफ करते तेव्हा खाली अक्षरशः रांगोळी पडते. पण रेव्हिट मॅकवर चालत नाही. स्टॅड नाही, ईटॅब्सही नाही. ऑटोकॅडची मॅकसाठी वेगळी आवृत्ती आहे, पण ती विंडोजच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळत नाही. तुमच्या चार सॉफ्टवेअरपैकी तीन बाद झाल्यावर पुढे बोलण्यात अर्थ नाही. भावाला सांगा, त्यानेच घ्यावा.

ऑफिसातल्यांचं म्हणणं जास्त वेळ घेणारं आहे, कारण ते अर्धं बरोबर आहे. तुम्ही “थोडं रेंडरिंग” लिहिलंत, म्हणून मी उलट मेल करून विचारलं की थोडं म्हणजे किती आणि कुठे. तुमचं उत्तर आलं: महिन्यातून दोनदा, रात्री हॉटेलवर, दुसऱ्या दिवशी क्लायंटला दाखवायला. या एका ओळीने निकाल लागतो. दुमितीय ड्रॉइंग, स्टॅडची आकडेमोड आणि एक्सेल यांना गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डाचा जवळपास काही उपयोग नसतो. रेव्हिटमध्ये मॉडेल हलवता-बदलताना बराचसा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे त्यातल्या एकाच कामकऱ्यावर, पडतो, बाकीचे कोअर बघत बसतात. ग्राफिक्स कार्ड खरं लागतं ते लुमिऑन, एन्स्केप असल्या रेंडरिंगला. महिन्यातल्या दोन रात्रींसाठी उरलेले तेरा-चौदा दिवस दीड किलो जादा वाहायचं? ऑफिसातल्या डेस्कटॉपवर रिमोट डेस्कटॉप चालू करून ठेवा, हॉटेलच्या वायफायवरून त्याला रेंडर लावा आणि झोपा. हॉटेलचं वायफाय दगा देईल या भीतीने फाइल निघण्यापूर्वीच तिथे टाकून ठेवायची, एवढं पथ्य पाळा.

आणि गाडीत ग्राफिक्स कार्डाची ताकद मिळतही नाही. बॅटरीवर चालताना गेमिंग लॅपटॉप स्वतःच आपला लगाम खेचतो. आरटीएक्स ४०६० या एकाच नावाचं लॅपटॉपमधलं कार्ड ३५ वॉटवरही बसवलेलं असतं आणि ११५ वॉटवरही. पातळ मशीनमध्ये ते कुठल्या टोकाला असणार ते सांगायला नको. स्टिकर मात्र दोन्हीवर तेच. (ज्यांना रोज, बाहेरगावी, रेंडर करावंच लागतं त्यांच्यासाठी दीड किलोच्या आसपासचे आसुस झेफायरस जी१४ सारखे १४ इंची पर्याय आहेत. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.)

प्रोसेसरच्या बाबतीतही नाव एक आणि माल वेगळा असा प्रकार आहे, आणि लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. दुकानदार म्हणतो, “अल्ट्रा ७ आहे.” कुठला? इंटेलच्या अल्ट्रा ७ १५५एच मध्ये १६ कोअर आहेत आणि त्याची मूळ क्षमता २८ वॉटची. अल्ट्रा ७ १५५यू मध्ये १२ कोअर, त्यातले दमदार फक्त दोन, आणि मूळ क्षमता १५ वॉट. अल्ट्रा ७ २५८व्ही मध्ये आठच कोअर आणि १७ वॉट, पण बॅटरी वाचवण्यात तो या दोघांच्याही पुढे. डब्यावर तिघांचंही आडनाव सारखंच. शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय पैसे काढू नका. व्ही मालिकेची आणखी एक खूण सांगते: आकडा ८ वर संपला तर रॅम ३२ जीबी, ६ वर संपला तर १६. त्यांत रॅम प्रोसेसरच्याच पाटावर बसवलेली असते, म्हणून नंतर बदलायचा प्रश्नच येत नाही.

आता ताकदीबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक. तीन वर्षांपूर्वी लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका मैत्रिणीला मी एक किलोचा, कागदासारखा पातळ लॅपटॉप घ्यायला लावला. दुकानात पाच मिनिटं व्हिडिओ एक्सपोर्ट करून बघितला, सुसाट चालला. घरी जाऊन तिने पाऊण तासाचं रिसेप्शन एक्सपोर्टला लावलं, तर विसाव्या मिनिटाला वेग निम्म्यावर आला आणि तळ इतका तापला की तिने तो पोळपाटावर ठेवला. लॅपटॉपमध्ये बिघाड काहीच नव्हता. प्रोसेसर पहिल्या काही सेकंदांत वाट्टेल तेवढी वीज ओढतो. मग उष्णता बाहेर जायला जागा नसेल तर गुमान खाली येतो. १५५एच हाच प्रोसेसर क्षणभर ११५ वॉटपर्यंत जाऊ शकतो, पण तो तिथे टिकून राहील एवढी हवा कुठल्याच १.२ किलोच्या डब्यात नसते. तेव्हापासून मी ताकद अर्ध्या तासानंतरची धरते. दुकानात जाताना तुमचं स्वतःचं सगळ्यात जड रेव्हिट मॉडेल पेनड्राइव्हवर न्या, ट्रायल आवृत्ती टाकू देत असतील तर टाका, आणि चहा पिऊन परत या. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे, पैसे तुमचे आहेत.

मग घ्यायचं काय? १४ इंची, १६:१० प्रमाणाचा स्क्रीन, इंटेलचा एच किंवा त्याच तोडीचा एएमडी कंपनीच्या रायझनचा प्रोसेसर, पंखा असलेला, वजन १.२ ते १.४ किलो, चार्जिंग टाइप-सी ६५ वॉट. आसुस झेनबुक १४, थिंकपॅड टी१४एस, एचपी एलिटबुक ही त्या घराण्यातली नावं. किमती आठवड्यागणिक हलतात, म्हणून आकडा लिहीत नाही. रॅम ३२ जीबीच घ्या. हलक्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डावर झाळलेली असते, म्हणजे “आता १६ घेऊ, पुढे वाढवू” हे पुढे कधीच घडत नाही. मला दर महिन्याला दोन-तीन गिऱ्हाइकांना हे सांगावं लागतं आणि त्यांचा चेहरा बघवत नाही. एसएसडीचं तसं नाही. ती बहुतेक ठिकाणी स्क्रूची असते, नंतर मोठी घालता येते. पैसे कमी पडले तर कात्री तिथे लावा.

बॅटरीचं गणित सोपं आहे. जाहिरातीतले “२२ तास” वाचू नका, वॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते ते) वाचा आणि वापराने भागा. तुमच्या मशीनची बॅटरी ५०-५५ वॉट-अवरची असणार आणि ग्राफिक्स कार्ड जागं ठेवून ते २५ वॉट सहज खात असणार. म्हणजे दोन तास, म्हणजे मनमाड. ७५ वॉट-अवरचा हलका लॅपटॉप ड्रॉइंग-एक्सेलला ८-१० वॉट खाईल. तेव्हा संभाजीनगरहून निघून मुंबईला उतराल तरी बॅटरीत जीव असेल.

गाडीतल्या प्लगवर भिस्त ठेवू नका. आपल्या डब्यांत तिथे ११० व्होल्ट असतात. चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० लिहिलेलं असेल तर तो चालतो, आणि आजकाल सगळ्यांवर असतंच. पण प्लग सैल झालेले असतात. जड चार्जर लावला की गाडीच्या हिसक्याने गळून पडतो. रात्री ११ ते पहाटे ५ बऱ्याच गाड्यांत आगीच्या भीतीने ते बंदच ठेवतात. हाताशी दोन मीटरची टाइप-सी केबल ठेवा, आणि ती मोबाइलची नको. साधी केबल ६० वॉटपर्यंतच वाहते. त्यापुढच्या चार्जरला पाच अँपिअरची लागते. बहिणीकडे हुबळीला जाताना मी स्वतः घाईत मोबाइलची केबल उचलली होती, तीही जुनी, कुठल्याशा मोबाइलच्या डब्यातली. लॅपटॉप रात्रभर चार्जिंगला आणि सकाळी ३१ टक्के. दुरुस्तीवाल्या बाईची ही गत!

स्क्रीन साइटवर उन्हात बघणार असाल तर निदान ४०० निट्स (हे उजेडाचं माप) आणि चमक नसलेला. ओलेड जातीचा स्क्रीन फार देखणा दिसतो, आणि ऑटोकॅडच्या काळ्या पार्श्वभूमीवर वीजही कमी खातो. पण एक्सेलचा पांढरा कागद उघडला की तेवढीच सव्याज वसूल करतो. शिवाय बहुतेक ओलेड चकचकीत असतात. स्लॅबवर उभं राहून तुम्हाला स्वतःचंच तोंड दिसेल.

एक शेवटचं, कारण हलका लॅपटॉप घेणाऱ्यांपैकी निम्मे माझ्याकडे याच कारणाने येतात. पातळ झाकण म्हणजे पातळ काच. सॅकमध्ये लॅपटॉपच्या पाठीला चार्जर ठेवला, सॅक एसटीच्या वरच्या फळीवर टाकली, तिच्यावर कुणीतरी आपली पिशवी कोंबली, की चार्जरचा कोपरा काचेत. बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही. उघडलं की कोळ्याचं जाळं. तसंच कीबोर्डवर इअरफोन किंवा पेन विसरून झाकण मिटणं. चार्जर वेगळ्या कप्प्यात, सॅक मांडीवर. आणि सॅकमध्ये टाकताना नुसतं झाकण मिटू नका, हायबरनेट करा. नवे विंडोज लॅपटॉप झाकण मिटल्यावरही अर्धवट जागे राहतात, बंद सॅकमध्ये तापतात, आणि उघडल्यावर बॅटरी रिकामी. लोक मग म्हणतात, बॅटरी खराब निघाली.

*

ताई, मी डोंबिवलीचा, चार्टर्ड अकाउंटंट. ऑडिटसाठी आठवड्यातले चार दिवस नवी मुंबई ते भिवंडी फिरतो. दुकानात स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप दाखवला, १.३ किलो, दोन दिवस बॅटरी जाते म्हणाले. टॅली, एक्सेल, रिटर्न भरणं आणि डिजिटल सहीचं टोकन, एवढंच माझं काम. घेऊ का?

एवढंच म्हणता, पण अडचण त्या एवढ्यातल्या शेवटच्या शब्दात आहे. स्नॅपड्रॅगनचा प्रोसेसर इंटेल-रायझनपेक्षा वेगळ्या जातीचा, मोबाइलच्या कुळातला. बॅटरीबद्दल दुकानदार फारसं खोटं बोललेला नाही. जुनी विंडोज सॉफ्टवेअर त्यावर दुभाष्यामार्फत चालतात आणि बरीचशी चालतातही. दुभाषा चालत नाही तो ड्रायव्हरला. ड्रायव्हर खास त्या प्रोसेसरसाठीच लिहिलेला असावा लागतो. तुमचं सहीचं टोकन, ऑफिसातला जुना प्रिंटर, मराठी टायपिंगच्या जुन्या पॅकेजचं पेनड्राइव्हसारखं कुलूप, हे सगळं ड्रायव्हरवर जगतं. ३१ जुलैच्या रात्री साडेअकराला टोकन दिसत नाही म्हटल्यावर १८ तासांची बॅटरी चाटायची आहे का?

दुकानात टोकन घेऊन जा. लावा, एक सही करून दाखवायला सांगा. झाली तर खुशाल घ्या. “अपडेट आलं की होईल” म्हणाले तर नमस्कार करून बाहेर पडा आणि इंटेलच्या व्ही मालिकेतला किंवा रायझनचा १४ इंची बघा. बॅटरीत उन्नीस-बीस, पण टोकन चालेल. तुमच्या कामाला ताकदीची चिंता नाही, १६ जीबी पुरे. बिल मात्र फर्मच्या जीएसटी क्रमांकावर घ्या, १८ टक्के आहेत ते. हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे काशीत जाऊन गंगा दाखवण्यातला प्रकार, पण तीन सीए मित्रांनी स्वतःच्या नावावर बिल घेतलेलं मी पाहिलंय.

*

ताई, मी सोलापूरला एम.ए. करतोय. प्रबंधासाठी गावोगाव जाऊन ओव्या रेकॉर्ड करतो, मग त्या ऐकून टाइप करतो. बहुतेक प्रवास एसटीनेच. बाबांनी ३५ हजार दिलेत. एवढ्यात नवा हलका मिळत नाही, मिळतो तो फार हळू चालतो. जुना घ्यावा का? भीती वाटते.

घे, आणि भीती बाळगूनच घे. ३५ हजारांत नवा लॅपटॉप घेशील तर प्लास्टिकचा, २५० निट्सचा मिणमिणता स्क्रीन असलेला आणि ८ जीबी रॅमचा मिळेल. त्याच पैशांत कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून सोडलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड ७००० मालिका, एलिटबुक ८०० मालिका मिळतात. नवे असताना ते लाखाच्या घरातले होते. धातूचं अंग, मजबूत बिजागरी, वजन १.३ ते १.५ किलो. तुझ्या कामाला एवढी ताकद भरपूर झाली.

चार गोष्टी मात्र दुकानातच बघ. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा नको. विंडोज ११ त्याच्या मागे अधिकृतपणे जात नाही आणि विंडोज १०चा सांभाळ कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. जमलं तर अकरावी पिढी बघ. मग बॅटरी. विंडोजची काळी कमांड खिडकी उघड, इंग्रजीत powercfg लिही, एक जागा सोड, तिरपी रेघ (/), batteryreport, एंटर. एक पान तयार होतं. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या पाऊणपटीखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून उतरवून घे. “नवीनच टाकलीय” म्हणणाऱ्याला हेच पान दाखव.

तिसरं, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू कर आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा. पासवर्ड मागितला तर तो जुन्या कंपनीचा आहे. दुकानदार कितीही हसून “काही नाही हो” म्हणाला तरी घ्यायचा नाही. सुरू झाल्यावर एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागत असेल तरीही तेच. असे लॅपटॉप घेऊन रडत आलेली मुलं मी बघितली आहेत, आणि मला काही करता येत नाही. चौथं, झाकण एका बोटाने एका कोपऱ्यातून उघड. चौकट वाकून करकरली तर बिजागरीचे स्क्रू सुटत आलेत.

तुझ्या कामात खरी ताकद लागते ती कानांना. ओव्या मोबाइलवर नाहीतर छोट्या रेकॉर्डरवरच घे, लॅपटॉपच्या माइकवर नको, त्याच्या पंख्याचा आवाज म्हातारीच्या आवाजात मिसळतो. आणि टाइप युनिकोडमध्येच कर, इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घे. कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये दीडशे ओव्या टाइप केल्यास तर लॅपटॉप बदलल्यावर त्यांच्या जागी नुसते चौकोन आणि उद्गारचिन्हं उरतील. रोजचं रेकॉर्डिंग रोज पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह सॅकमध्ये नाही, खिशात.

*

चि. सौ. ताई, आशीर्वाद. मी सांगलीचा, वय ६८. मुलगी न्यू जर्सीला असते, दर वर्षी तीन-चार महिने तिकडे जातो. ती म्हणते, बाबा, लॅपटॉप इथूनच घ्या, स्वस्त पडतो. खरं का?

नमस्कार काका. डॉलरचा भाव नुसता रुपयांत गुणू नका. तिकडे पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यू जर्सीत त्यावर ६.६२५ टक्के विक्रीकर चढतो. आपल्याकडची किंमत जीएसटी धरून असते. ही दोन्ही गणितं समोरासमोर मांडली की फरक बऱ्याचदा बराच कमी होतो, सणाच्या सेलमध्ये तर कधी उलटतोही. येताना कस्टमची काळजी नको, १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटीशिवाय आणता येतो.

प्रश्न हमीचा आहे. काही कंपन्या तिकडे घेतलेल्याची हमी इकडे पाळतात, काही पाळत नाहीत, आणि एकाच कंपनीत मॉडेलप्रमाणे नियम बदलतो. लॅपटॉपच्या पाठीवरचा सीरियल क्रमांक कंपनीच्या भारतातल्या ग्राहक सेवेला फोनवर वाचून दाखवा, ते सांगतील. तुम्ही वर्षातले आठ महिने सांगलीत असता, म्हणून मी तुमच्या जागी असते तर सांगलीतच घेतला असता. तिकडचा घेतलाच तर पिन आपल्या सॉकेटला बसत नाही आणि कीबोर्डवर रुपयाचं चिन्ह छापलेलं नसतं, बाकी काही बिघडत नाही. वजन १.३ किलोच्या आत बघा. विमानात ती बॅग तुम्हालाच वरच्या कप्प्यात चढवायची असते.

*

ताई, दोन अंकांपूर्वी तुम्ही लिहिलं होतं की लांबच्या प्रवासात लॅपटॉप चालेल अशी पॉवर बँक जवळ ठेवावी. मी चांगली ३०,००० एमएएचची घेतली. पुढच्याच महिन्यात विमानतळावर सुरक्षा तपासणीत ती काढून ठेवायला लावली. साडेतीन हजार गेले. हे तुम्ही लिहायला नको होतं का?
– एक नाराज वाचक, मडगाव

होतं. चूक माझी. विमानाचा नियम एमएएचवर चालत नाही, वॉट-अवरवर चालतो: १०० पर्यंत मोकळीक, १०० ते १६० ला विमान कंपनीची आधी परवानगी, त्यावर नाहीच. बँकेवरचा एमएएचचा आकडा हजाराने भागायचा आणि ३.७ ने गुणायचा. ३०,००० चे होतात १११. २७,००० चे होतात ९९.९, म्हणून तर बाजारात हा विचित्र आकडा दिसतो. मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही याच कारणाने १०० च्या जरा अलीकडे थांबलेल्या असतात. आकडा छापलेलाच नसेल किंवा पुसला गेला असेल तरी अडवतात. आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकायची नाही, ती हातातल्या सामानातच. देशांतर्गत विमानात हातातलं सामान सहसा सातच किलो, त्यात ही अर्ध्या किलोची वीट कशी बसते तेही बघा.

पुन्हा घ्यायचीच असेल तर २०,००० ची घ्या, ७४ वॉट-अवर. तिच्या टाइप-सी पोर्टवर ६५ वॉट बाहेर जातात असं लिहिलेलं हवं. २२ वॉटवाली फक्त मोबाइल चार्ज करते, बहुतेक लॅपटॉप तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ७४ पैकी हातात ६० च्या आसपासच पडतात, बाकीचे रूपांतरात उष्णता होऊन जातात. म्हणजे ७५ वॉट-अवरचा हलका लॅपटॉप पाऊणभर भरेल, पूर्ण नाही. आणि जो लॅपटॉप मुळात सात-आठ तास चालतो त्याला गोवा ते मुंबईच्या सव्वा तासाच्या विमानात पॉवर बँक कशाला हवी, हे मी दोन अंकांपूर्वीच विचारायला हवं होतं. तुमची ती विमानतळावर राहिली. घरात अजून कुणाकडे ३०,००० ची असेल तर ती पावसाळ्यात वीज गेल्यावर वायफायच्या राउटरला लावा, बारा व्होल्टची केबल वेगळी मिळते. राउटर रात्रभर चालतो.